डोमेनचा लिलाव: बोलीआधी काय ठरवायचं आणि बोली लागल्यावर शब्द कसा पाळायचा

डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या, लिलावात शब्द फिरवणारे बहुतेक विक्रेते लबाड नसतात. किमतीचा विचार न करताच त्यांनी नाव लिलावात टाकलेलं असतं. बोली सात हजारांवर थांबते, "एवढ्यात कसं देऊन टाकू?" असं वाटायला लागतं आणि मग मेलला उत्तर जात नाही, फोन उचलला जात नाही, "सिस्टीममध्ये प्रॉब्लेम आहे" ही सबब पुढे येते. तिकडे खरेदीदाराने त्या नावावर दुकानाची पाटी छापायला दिलेली असते. म्हणून या लेखातली निम्मी कामं लिलाव सुरू होण्याआधीची आहेत. ती नीट झाली तर शब्द पाळणं जड जात नाही.

नागपुरात दिवसा मिहानमध्ये किंवा परसोडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करून रात्री डोमेन घेणारी-विकणारी मुलं माझ्या ओळखीत आहेत. वेबसाइट बनवणारे छोटे व्यावसायिकही आहेत, ज्यांच्या खात्यात वर्षानुवर्षं नावं पडून असतात. हे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

आधी पाहा: नाव विकायचा हक्क तुमचा आहे का?

डोमेन जमिनीसारखं कायमचं आपलं होत नाही. रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे, ठरावीक वर्षांसाठी ते आपल्या नावावर नोंदलेलं असतं आणि आपण विकतो तो या नोंदणीचा हक्क. त्यामुळे खात्यात लॉगिन करून चार गोष्टी तपासा: नोंदणी कोणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपते, नाव लॉक आहे का (लॉक असेपर्यंत ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही), आणि नोंदणीतला ईमेल चालू आहे का. ईमेल बंद पडलेला असेल तर हस्तांतरणाच्या वेळी सगळं अडतं.

एक प्रकार आपल्याकडे सर्रास घडतो. गांधीबागेतल्या कापड दुकानदाराला किंवा इतवारीतल्या सराफाला डिझायनर वेबसाइट करून देतो आणि डोमेन स्वतःच्याच खात्यात नोंदवतो. दुकानदार दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे देतो, पण कागदोपत्री नाव डिझायनरचं. पुढे दोघांचं बिनसतं आणि डिझायनर ते नाव लिलावात टाकतो. हे चूक आहे. पासवर्ड तुमच्याकडे आहे म्हणून नाव तुमचं होत नाही. ज्याने त्यासाठी पैसे दिले आणि ज्याचा धंदा त्यावर चालतो, त्याचं ते आहे. त्याच्याकडे तुमचं बिल थकलं असेल तर ते वेगळ्या मार्गाने वसूल करा. भागीदारीतलं किंवा भावाच्या नावावरचं डोमेन असेल तर त्यांची लेखी संमती आधी घ्या, एक व्हॉट्सअॅप मेसेज असला तरी चालेल. लिलाव संपल्यावर "भाऊ नाही म्हणतो" हे कारण खरेदीदाराला ऐकवता येत नाही.

ट्रेडमार्कही इथेच तपासा. प्रसिद्ध ब्रँडचं नाव किंवा त्याच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर बदललेलं नाव विकायला काढणं म्हणजे खरेदीदाराच्या गळ्यात वाद बांधणं. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच सांगितलं की डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं. डॉट कॉमसारख्या नावांसाठी यूडीआरपी आणि डॉट इनसाठी आयएनडीआरपी अशा तंटा सोडवण्याच्या व्यवस्था आहेत. ब्रँडच्या मालकाला चढ्या भावाने विकण्यासाठीच नाव घेतलं असेल, तर यूडीआरपीत तो वाईट हेतूचा पुरावा धरला जातो. अशी तक्रार चालू असताना ते नाव तिसऱ्याला विकायचा विचारही करू नका. भारताच्या ट्रेडमार्क नोंदणीत शोध घेणं ऑनलाइन आणि फुकट आहे. बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था तर आपल्या सिव्हिल लाइन्समध्येच आहे, त्यामुळे "हे नागपुरात कोण सांगणार?" असं म्हणायला जागा नाही.

सर्वांत कमी किंमत ठरवा आणि लिहून ठेवा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे. स्वतःला एकच प्रश्न विचारा: या नावावर एकच खरेदीदार आला आणि त्याने सुरुवातीच्या रकमेलाच घेतलं, तर मी कुरकुर न करता देईन का? उत्तर नाही असेल तर ती रक्कम सुरुवातीची बोली असूच शकत नाही.

हिशोब हातात येणाऱ्या पैशांवरून मांडा. समजा तुम्हाला निव्वळ १२,००० रुपये हवेत आणि मंचाचं, म्हणजे लिलाव चालवणाऱ्या वेबसाइटचं, कमिशन २० टक्के आहे. मग विक्री १५,००० ला व्हायला हवी. एस्क्रोचं (व्यवहार होईपर्यंत पैसे धरून ठेवणाऱ्या मध्यस्थाचं) शुल्क तुमच्याकडे असेल, पैसे डॉलरमध्ये येऊन बँक काही कापत असेल, तर आकडा आणखी वर जातो. कराचं तुमच्या सीएला विचारून घ्या. एवढं करून जो आकडा येईल तो रिझर्व्ह म्हणून लावा. रिझर्व्ह म्हणजे ज्याच्या खाली विक्री होणार नाही अशी, मंचाला आधी कळवलेली किंमत. एक रुपयापासून बोली सुरू केली की गर्दी जमते हे खरं आहे, पण रिझर्व्ह न लावता एक रुपयापासून सुरू करणं म्हणजे एक रुपयालाही द्यायला तयार असल्याचं जाहीर करणं. तशी तयारी असेल तरच करा.

"बाय नाऊ", म्हणजे बोलीविना लगेच विकत घ्यायची, किंमत लावली असेल तर ती रक्कम आधी अंकात आणि मग अक्षरात मोठ्याने वाचा. शून्य कमी-जास्त होण्याचे प्रकार इथेच होतात.

वर्णनात खरं ते आणि सगळं

कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा ढीग समोर असतो; घेणारा फळ उचलतो, दाबून पाहतो, मग बोली बोलतो. डोमेन घेणाऱ्याच्या हाती तुम्ही लिहिलेल्या चार ओळीच असतात. त्या ओळीच माल आहेत असं समजून लिहा.

वय सांगताना पहिली नोंदणी कधी झाली एवढंच सांगून भागत नाही. नाव मध्येच सुटून पुन्हा नोंदलं गेलं असेल तर तेही सांगा, कारण "२० वर्षं जुनं" म्हणून घेणाऱ्याला सलग २० वर्षं अपेक्षित असतात. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्या नावावर पूर्वी काय होतं ते पाहा. मधल्या काळात तिथे जुगाराची किंवा नकली औषधांची साइट असेल तर वर्णनात लिहा. गुगल सर्च कन्सोलमध्ये काही कारवाई दिसते का आणि नाव मेलच्या काळ्या यादीत आहे का, हेही पाहून घ्या. भेट देणाऱ्यांचा आकडा सांगणार असाल तर किती महिन्यांचा आणि कुठून मोजलेला ते सांगा. बॉटची, म्हणजे माणसांऐवजी आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामची, गर्दी दिसत असेल तर तो आकडा द्यायचाच नाही.

हस्तांतरणावर काही बंधन असेल तर तेही वर्णनात यायला हवं. डॉट कॉमसारखं नाव नुकतंच नोंदलं असेल किंवा एका रजिस्ट्रारकडून दुसरीकडे आणलं असेल, तर साधारण ६० दिवस ते आणखी कुठल्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही. त्याच रजिस्ट्रारच्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पुश करणं मात्र बहुधा जमतं. खरेदीदाराला हे बोली लावायच्या आधी कळायला हवं. पैसे भरल्यावर कळलं तर त्याला फसवल्यासारखं वाटेल, आणि ते चूक म्हणता येणार नाही.

मुदत जवळ आली असेल तर लिलावाआधी नूतनीकरण करून टाका. डॉट कॉमची मुदत संपली की आधी वाढीव सवलतीचे दिवस, मग जास्त पैसे मोजून सोडवायचे ३० दिवस आणि शेवटी नाव पुसलं जायच्या आधीचे ५ दिवस असा क्रम असतो. अशा अवस्थेतलं नाव विकणं म्हणजे घेणाऱ्याला घड्याळाशी झुंजायला लावणं.

एका वेळी एकाच ठिकाणी

एकच नाव तीन मंचांवर तीन किमतींना टाकायची सवय अनेकांना आहे. साध्या विक्रीत ती चालून जाते, पण लिलावात ती थेट दुहेरी विक्रीकडे नेते. काही मंचांवर झटपट हस्तांतरणाची सोय चालू असते. तिथे नाव विकलं गेलं की तुम्हाला न विचारता ते पुढच्या खात्यात जातं. इकडे लिलावात बोली चढत असते आणि तिकडे नाव निघून गेलेलं असतं. म्हणून लिलाव लावण्याच्या दोन-तीन दिवस आधी बाकी सगळ्या याद्यांमधून नाव काढा, डोमेनच्या पानावर "विक्रीस आहे" अशी जुनी किंमत लावली असेल तर तीही काढा आणि खरंच निघालं का ते दुसऱ्या ब्राउझरमधून पाहा. एखाद्याला फोनवर आधीच भाव सांगितला असेल तर त्याला कळवा: "आता नाव लिलावात आहे, तिथेच बोली लावा."

बोली चालू असताना

आपल्याच नावावर मित्राला, मेव्हण्याला किंवा स्वतःच्या दुसऱ्या खात्याला बोली लावायला सांगू नका, एकदाही नाही. काही जण म्हणतात, "मला भाव वाचवायचा होता." भाव वाचवण्यासाठी रिझर्व्ह आहे आणि तो उघड आहे, खोटी बोली लपून केलेली असते, फरक तिथेच पडतो. आपल्या १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम ६४ लिलावाबद्दल स्पष्ट सांगतं की किंमत वाढवण्यासाठी विक्रेत्याने खोट्या बोलीचा वापर केला तर खरेदीदार तो व्यवहार रद्द ठरवू शकतो. डोमेनला "माल" म्हणायचं का यावर वकील वाद घालतील, पण लिलावात काय चालतं आणि काय नाही याची आपल्याकडची जुनी समज त्या कलमात आहे.

या धंद्यातलं मोठं उदाहरण स्नॅपनेम्सचं. २००९ साली या अमेरिकी कंपनीने स्वतःच जाहीर केलं की तिचाच एक अधिकारी टोपणनावाने तिच्या लिलावांत बोली लावत होता, आणि हे २००५ पासून चालू होतं. ज्यांना त्यामुळे जास्त पैसे मोजावे लागले त्यांना फरकाची रक्कम व्याजासह परत देऊ केली गेली. खोट्या बोलीने खरेदीदाराचं किती नुकसान झालं हे कसं मोजायचं, त्याचं उत्तर या प्रकरणातच आहे: खोटी बोली नसती तर किंमत जिथे थांबली असती तिथपर्यंतचा फरक.

बोली सुरू झाल्यावर वर्णन बदलू नका. काही चुकीचं लिहिल्याचं लक्षात आलं तर मंचाला कळवून सगळ्यांना दिसेल अशी दुरुस्ती टाका. एखाद्या बोलीदाराने खाजगीत प्रश्न विचारला आणि उत्तरात नवी माहिती असेल तर ती सगळ्यांपुढे ठेवा. "लिलाव बंद करा, मी बाहेरून जास्त देतो" असं कोणी म्हटलं तर उत्तर एकच: बोली लावा.

लिलाव संपला: पहिला दिवस

त्याच दिवशी विजेत्याला निरोप पाठवा. लांबलचक नको. असा चालेल:

"नमस्कार. आज संपलेल्या लिलावात आपली १८,५०० रुपयांची बोली विजयी ठरली. नाव आपल्यासाठी राखून ठेवलं आहे. पैसे मंचाच्या एस्क्रोमधून भरावेत, मुदत ७ दिवस. पैसे जमा झाल्याचं कळताच २४ तासांत लॉक काढून ऑथ कोड देईन. आपण कोणत्या रजिस्ट्रारकडे नेणार ते कळवा, तोच असेल तर खात्यात पुश करतो."

ऑथ कोड म्हणजे नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्यासाठी लागणारा गुप्त कोड. या निरोपात रक्कम, मुदत आणि तुमची जबाबदारी, तिन्ही लेखी आलं. भारतात ईमेल आणि ऑनलाइन संदेशांतून झालेला करार केवळ तो इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून नाकारता येत नाही; माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०-अ तेच सांगतं. तेव्हा "कागद कुठे झाला?" हा युक्तिवाद मनातून काढून टाका.

पैसे आणि हस्तांतरण

मोठ्या रकमेसाठी एस्क्रो वापरा. खरेदीदार पैसे मध्यस्थाकडे भरतो, मध्यस्थ तुम्हाला कळवतो, तुम्ही नाव देता, खरेदीदार ताब्यात आल्याचं सांगतो आणि मग पैसे तुमच्याकडे येतात. शुल्क कोण भरणार हे लिलावाआधीच लिहिलेलं असावं. एस्क्रोच्या नावाने आलेल्या मेलमधल्या लिंकवर जाऊ नका, पत्ता स्वतः टाइप करा. हुबेहूब दिसणाऱ्या नकली साइट असतात.

आठ-दहा हजारांच्या व्यवहारात, विशेषतः दोघेही नागपूरचेच असतील तर, यूपीआय चालतं. पैसे आधी की नाव आधी यावर अडू नये म्हणून हा क्रम वर्णनातच द्या. स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका, बँकेच्या खात्यात रक्कम दिसली की पुढे जा. आणि ती दिसल्यावर मात्र एक तासही उगाच थांबू नका. लोक इथेच ढिले पडतात: पैसे आले की घाई संपते, कोड उद्या, परवा. खरेदीदाराची सगळ्यात काळजीची वेळ हीच असते.

हस्तांतरणाचं काम असं होतं. रजिस्ट्रारच्या खात्यात जाऊन लॉक काढा, ऑथ कोड मिळवा आणि तो फक्त विजेत्याला, फक्त ठरलेल्या ईमेलवर द्या. कोड खात्यात दिसत नसेल तर रजिस्ट्रारकडे मागा. डोमेनची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमांनुसार डॉट कॉमसारख्या नावांसाठी मागणीनंतर ५ दिवसांत तो द्यावा लागतो. खरेदीदाराने नव्या रजिस्ट्रारकडे कोड टाकला की जुन्या रजिस्ट्रारचा मेल तुम्हाला येतो. तिथे मंजुरी दिली तर काम लगेच पुढे सरकतं; काहीच केलं नाही तर साधारण ५ दिवसांनी आपोआप होतं. मंजुरी देता येत असताना ५ दिवस गप्प बसणं नियमात बसतं, पण मी त्याला शब्द पाळणं म्हणणार नाही. डॉट कॉमच्या हस्तांतरणात सहसा नोंदणी एक वर्षाने वाढते आणि तो खर्च घेणाऱ्याकडे असतो, हेही त्याला आधी सांगा. डॉट इनचं नियंत्रण निक्सी या भारतीय संस्थेकडे आहे, तिथले तपशील थोडे वेगळे असू शकतात. तुमच्या रजिस्ट्रारला आधीच विचारून ठेवा.

हस्तांतरण पूर्ण होईपर्यंत नोंदणीतलं नाव किंवा पत्ता बदलू नका. काही रजिस्ट्रार असा बदल झाला की पुन्हा ६० दिवसांचं कुलूप लावतात.

भाव कमी लागला, किंवा दुसऱ्या दिवशी मोठी ऑफर आली

त्रिमूर्तीनगरातल्या एका ओळखीच्या मुलाने संत्र्याच्या प्रक्रिया उद्योगाशी जुळणारं नाव लिलावात टाकलं. २१,००० ला गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काटोलकडच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला.

"भाऊ, त्याचे पैसे आले का?"

"नाही, आठवडा आहे त्यांच्याकडे."

"मग काहून अडून बसले? मी पन्नास देतो, आत्ता टाकतो."

"दादा, बोली काल संपली. नाव त्यांचं झालं. त्यांनी मुदतीत पैसे नाही भरले तर पहिला फोन तुम्हालाच करतो. नाहीतर तुमचा नंबर त्यांना देऊ का?"

व्यापाऱ्याने नंबर द्यायला सांगितलं. विजेत्याने पाचव्या दिवशी पैसे भरले आणि नाव त्याला गेलं. त्या दोघांत पुढे काय ठरलं, हे त्या मुलाने विचारलं नाही. मला त्याचं वागणं पूर्ण पटतं. एकोणतीस हजारांचा फरक होता आणि त्याच्या महिन्याच्या हिशोबात ती मोठी रक्कम होती. पण बोली संपली तेव्हाच नावाचा भाव ठरला होता. नंतर वाढलेल्या भावावर त्याचा हक्क राहिला नव्हता. बोली समजा एक लाखावर गेली असती आणि दुसऱ्या दिवशी खरेदीदार म्हणाला असता, "मला तसंच नाव वीस हजारांत मिळालं," तर आपण काय म्हटलं असतं, ते मनाशी पडताळून पाहा.

भाव कमी लागला म्हणून तांत्रिक अडचण सांगणं, मुद्दाम नूतनीकरण चुकवणं, "नाव आधीच विकलं गेलं" म्हणणं, हे सगळे शब्द मोडण्याचेच प्रकार आहेत. मंचावर खातं बंद होऊ शकतं, १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७३ खाली नुकसानभरपाईचा दावाही उभा राहू शकतो.

खरीच चूक झाली तर

पन्नास हजारांच्या जागी पाच हजार टाइप झाले. असं होतं. करार कायद्याचं कलम २२ म्हणतं की केवळ एका बाजूची वस्तुस्थितीबद्दल चूक झाली एवढ्यावरून करार रद्द करण्याजोगा होत नाही. म्हणजे "चूक झाली, व्यवहार रद्द" अशी घोषणा करण्याचा अधिकार गृहीत धरू नका; विनंती करा. लगेच, पुराव्यासह: आधीची किंमत, जुनी यादी, जे असेल ते दाखवा. त्याचे पैसे पूर्ण परत, शुल्क तुमच्याकडून आणि त्रासाबद्दल काही रक्कम वर, असं सुचवा. तो नाही म्हणाला तर नाव द्या.

खरेदीदारच फिरला तर

मुदत संपण्याआधी दोनदा आठवण करा, मुदत संपल्यावर मंचाला कळवा आणि व्यवहार संपल्याचं लेखी सांगा. त्यानंतरच दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराकडे जा. त्याच्याकडून किती घ्यायचे याबद्दल माझं मत ठाम आहे. समजा बोली अशा होत्या: तिसरा ९,००० वर थांबला, दुसरा १९,००० पर्यंत गेला आणि पळून गेलेला २०,००० वर जिंकला. दुसरा १९,००० पर्यंत चढला तो त्या पळपुट्यामुळेच. तो नसता तर नाव दुसऱ्याला ९,५०० च्या आसपास मिळालं असतं. मंचाचा नियम १९,००० मागायची परवानगी देत असला तरी त्याला सगळ्या बोली दाखवा आणि मधला एखादा आकडा त्याच्या संमतीने ठरवा. तो नको म्हणाला तर त्याच्यावर काहीही बंधन नाही. नाव पुन्हा लिलावात टाका, या वेळी रिझर्व्ह लावून.

नाव गेल्यावर राहिलेली कामं

त्या नावावरचे ईमेल पत्ते तुम्ही बँकेत, वीजबिलासाठी, जीएसटी पोर्टलवर किंवा समाजमाध्यमांच्या खात्यांत दिले असतील तर ते हस्तांतरणाआधी बदला. नंतर पासवर्ड बदलण्याचे मेल नव्या मालकाकडे जातील. गुगल वर्कस्पेस किंवा होस्टिंगमध्ये ते डोमेन अजून जोडलेलं असेल तर काढून टाका, नाहीतर नव्या मालकाला स्वतःची मेलसेवा सुरू करताना अडथळा येतो. जुन्या ग्राहकांचे मेल काही दिवस नव्या मालकाकडे येतील, ते पुढे पाठवण्याबद्दल आधीच बोलून घ्या. विक्रीची पावती, ऑथ कोड दिल्याची तारीख आणि रजिस्ट्रारचा हस्तांतरण पूर्ण झाल्याचा मेल एका फोल्डरमध्ये ठेवा. महिन्याभराने खरेदीदाराने नोंदणीच्या जुन्या तपशिलाबद्दल काही विचारलं तर त्यातूनच उत्तर द्या.